कोणीं तरी लवलें पाहिजे

आमच्या घरांत रविवारची संध्याकाळ ही कोणा एकाच्या मालकीची नसते. चहाचें आधण दोनदां चढतें, मुलें आंतबाहेर करीत असतात, वहिनी ओटींत तांदूळ घेऊन निवडीत बसलेल्या असतात, आणि मी आरामखुर्चींत पडून, वर्तमानपत्राचा राहिलेला भाग वाचण्याच्या निमित्तानें डुलकी घेत असतों. सन २०२२ च्या जून महिन्यांतील १२ तारखेचा रविवारहि असाच होता. पाऊस अजून यावयाचा होता. नेहमींपेक्षां निराळें एवढेंच कीं, माझ्या धाकट्या पुतण्यानें दिवाणखान्यांतील टीव्हीवर मोटारींची शर्यत लावली होती.

हा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींच्या स्प्रिंगा आणि धक्के शोषणारीं नळकांडीं यांच्या खात्यांत काम करतो. त्यामुळें शर्यत पाहणें हा आपल्या अभ्यासाचाच भाग आहे, असें त्याचें म्हणणें. मला मात्र घाण्याच्या बैलानें तीनशें किलोमीटरच्या वेगानें फिरावें, तसा तो प्रकार वाटत आला आहे. त्या दिवशींची शर्यत कास्पियन समुद्राच्या कांठीं, अझरबैजानच्या बाकू शहरांतील रस्त्यांवर होती. ती केव्हां सुरू झाली आणि कोण पुढें होतें याची मला दाद नव्हती. ती संपली तेव्हां मात्र मी जागा झालों. चवथा आलेला लुईस हॅमिल्टन आपल्या मर्सिडीज गाडींतून बाहेर येत होता. तो उतरत होता, असें म्हणण्यापेक्षां तो स्वतःला उपसून काढीत होता, असेंच म्हणावें लागेल. अतिशय सावकाश तो बाहेर आला आणि पाठ धरून उभा राहिला.

वहिनींनीं तांदळांतून मान वर केली. "अरे, त्या मुलाची कंबर धरली आहे. कोणी हात द्या ना त्याला!"

पुतण्या हंसला. "आई, तो सात वेळां जगज्जेता झालेला माणूस आहे."

"मग? जगज्जेत्याला कंबर नसते वाटतें?" असें म्हणून वहिनी पुन्हा खडे वेंचूं लागल्या.

मला त्या उत्तराची गंमत वाटली. आणि मग एक शंका आली. ज्या यंत्रावर शेंकडों इंजिनियर रात्रंदिवस डोकें चालवितात, त्यांत माणसाची पाठ सांभाळण्यापुरती एक बरी स्प्रिंग बसवितां येऊं नये? आमच्या गांवाकडच्या जुन्या एस्. टी. लासुद्धां पाटे असत. मी पुतण्याला तसें विचारलें. तो म्हणाला, "काका, स्प्रिंग आहे, पण तिला लवण्याची परवानगी नाहीं."

हें वाक्य मला समजलें नाहीं, म्हणून त्यानें माझ्याच वर्तमानपत्राचे दोन तुकडे फाडले, ते बोटभर अंतरावर समोरासमोर लोंबते धरले, आणि आमच्या नातीला मधून जोरानें फुंकर घालावयास सांगितलें. कागद दूर उडतील, अशी तिची अपेक्षा होती. ते एकमेकांना येऊन चिकटले! अरुंद वाटेनें जातांना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब तसाच राहिल्यानें ती दोन्ही बाजूंनीं आंत लोटते. डॅनियल बर्नुली यानें हें तत्त्व १७३८ सालीं ग्रंथांत मांडलें. मीं तीस वर्षें शाळेंत तें फळ्यावर लिहिलें. पण स्कूटरवरून जातांना शेजारून भरधाव गेलेली एस्. टी. आपल्याला तिच्याकडे कां ओढते, हें त्याच तत्त्वाचें घरगुती रूप आहे, हें मुलांना सांगण्याचें मला कधीं सुचलें नव्हतें.

"आतां," पुतण्या म्हणाला, "एक कागद म्हणजे रस्ता आणि दुसरा म्हणजे गाडीचा तळ." तळाला खालून योग्य बाक दिला तर गाडी व जमीन यांमधून जाणारी हवा वेगानें धांवते आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. वजन न वाढतां चाकें रस्त्याला घट्ट धरतात आणि जें वळण एरवीं सावकाश घ्यावें लागलें असतें, तें भरधाव घेतां येतें.

ही युक्ति शर्यतींत आणली ती इंग्लंडांतील लोटस कंपनीनें. तिचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या पदरीं पीटर राइट नांवाचा इंजिनियर होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील वायुबोगद्यांत तो मोटारीच्या लहानशा प्रतिकृतीवर प्रयोग करीत असतां त्याच्या यंत्रावरचे आंकडे एका जागीं राहीनात. बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, प्रतिकृतीच्या दोन्ही कुशी वाऱ्याच्या ओढीनें खालीं वांकत होत्या आणि त्या जमिनीजवळ गेल्या कीं, गाडीला खालीं ओढणारी शक्ति वाढत होती. तेव्हां पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून बाजूची फट बुजविण्यांत आली, आणि ती शक्ति कितीतरी वाढली. दुसरा एखादा संशोधक 'प्रतिकृति सदोष आहे' असें म्हणून ती दुरुस्त करावयास देता. राइटनें त्या दोषालाच प्रश्न विचारला. त्यांतून १९७७ सालीं लोटस ७८ आणि पुढच्या वर्षीं लोटस ७९ ह्या गाड्या निघाल्या. त्यांच्या कडांना जमिनीपर्यंत पोंचणाऱ्या झालरी होत्या. लोटस ७९ मधील झालरी जमिनीला टेकून वरखालीं सरकत. १९७८ चें जगज्जेतेपद मारिओ अँड्रेटी यानें ह्याच गाड्यांच्या बळावर मिळविलें. परंतु ज्या दिवशीं इटलींतील मॉन्झा येथें तें निश्चित झालें, त्याच दिवशीं त्याचा जोडीदार रॉनी पीटरसन याला भयंकर अपघात झाला, आणि दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. त्या विजयाचा आनंद करावयास कोणाला तोंड उरलें नाहीं.

मी म्हटलें, "हें सारें ठीक, पण यांत पाठीचा संबंध कोठें आला?"

"येथेंच आला," तो म्हणाला. "तळ आणि जमीन यांमधील अंतर कायम राहील तरच ही ओढ कायम राहते. मऊ स्प्रिंग घातली कीं गाडी झुलते, अंतर बदलतें, आणि ओढहि बदलते. म्हणून स्प्रिंग इतकी ताठ करावयाची कीं ती जवळजवळ हलूं नये. पण रस्त्यांतून येणारा धक्का कांहीं थांबत नाहीं, काका. तो कोठें तरी जिरलाच पाहिजे. स्प्रिंगेंत जिरला नाहीं तर टायरच्या रबरांत, रबरांत जिरला नाहीं तर—"

"माणसाच्या कमरेंत," वहिनी म्हणाल्या. त्यांनीं यावेळीं मान वर केली नाहीं.

नंतरच्या आठवड्यांत मी पुतण्याकडून आणि त्याच्या पुस्तकांतून ह्या विद्येचा पुढचा इतिहास मिळविला, आणि मला दिसलें कीं, हा धक्का कोणाच्या पदरीं घालावयाचा याचाच तो इतिहास आहे. लोटस ७९ च्या यशानें धीर येऊन चॅपमननें १९७९ सालीं आणखी जोराची ओढ असलेली लोटस ८० ही गाडी काढली. ती सरळ रस्त्यावरसुद्धां नाचूं लागली. वेग वाढला कीं तळ खालीं ओढला जाई. फट अरुंद झाल्यानें ओढ आणखी वाढे. शेवटीं फट इतकी थोडी उरे कीं हवेचा ओघच तुटे. ओढ संपतांच गाडी वर उसळे, ओघ पुन्हा जुळे, आणि गाडी पुन्हा खालीं ओढली जाई. समुद्रांत डॉल्फिनच्या जातीचा पॉर्पॉइझ नांवाचा जलचर असाच वरखालीं होत पोहतो, म्हणून इंग्रजींत या प्रकाराला त्याचेंच नांव पडलें. ती गाडी तीनच शर्यतींत धांवली आणि कायमची बाजूला पडली.

नाचणें थांबविण्याचा सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगा अधिक ताठ करणें. मग नियम आले आणि नियमांना पळवाटाहि आल्या. १९८१ सालीं सरकत्या झालरींना बंदी झाली, आणि तळ जमिनीपासून निदान सहा सेंटिमीटर वर असावा असें ठरलें. पण हें मोजावयाचें गाडी उभी असतांना! ब्रॅबम कंपनीच्या गॉर्डन मरे यानें अशी योजना केली कीं, वेग आला म्हणजे हवेच्या दाबानेंच गाडी खालीं बसावी आणि वेग ओसरला म्हणजे पुन्हा वर यावी. मास्तर वर्गांत असेपर्यंत ताठ बसणारीं आणि त्यांची पाठ फिरतांच बाकावर आडवीं होणारीं मुलें मीं तीस वर्षें पाहिलीं आहेत. त्यामुळें मरे यांच्या बुद्धीचें मला कौतुक वाटलें तरी आश्चर्य वाटलें नाहीं. इतरांनींहि लगेच तोच मार्ग धरला. त्यापायीं स्प्रिंगा इतक्या ताठ झाल्या कीं, गाडी आणि रस्ता यांमध्यें खरें लवणारें असें टायरचें रबरच तेवढें उरलें. चालकांचीं डोकीं दुखत, पाठी दुखत, खडबडीत जागीं डोळ्यांपुढचें धूसर दिसे.

ह्या सगळ्यांत मला मनापासून आवडली ती चॅपमनची १९८१ ची लोटस ८८. त्यानें एका गाडींत दोन सांगाडे बसविले. बाहेरच्या सांगाड्यानें हवेची सारी ओढ घ्यावयाची आणि ती थेट चाकांवर पोंचवावयाची; तो हवा तेवढा ताठ असूं दे. चालक मात्र आंतल्या सांगाड्यांत, मऊ स्प्रिंगांवर बसावयाचा. जोर यंत्रानें सोसावा आणि माणसाला सुखानें बसूं द्यावें, असा तो साधा विचार होता. प्रतिस्पर्ध्यांनीं हरकती घेतल्या, अधिकाऱ्यांनीं ती गाडी नियमबाह्य ठरविली, आणि एकाहि शर्यतींत तिला धांवूं दिलें नाहीं. नियमांचा अर्थ करण्याचा अधिकार त्यांचा होता; त्यांचेंच बरोबर असेल. तरी ती हकीकत वाचून मला चुटपुट लागून राहिली.

१९८३ पासून तळ सपाटच असला पाहिजे असा नियम झाला. मग ज्या पीटर राइटनें ही ओढ शोधली, त्यानेंच लोटसमध्यें आणखी एक अजब वस्तु सिद्धीस नेली. स्प्रिंगेनें आपोआप लवण्याऐवजीं प्रत्येक चाक किती वर वा खालीं जावें हें संगणकानें ठरवावयाचें आणि तेलाच्या दाबानें तें घडवून आणावयाचें. १९८७ सालीं एर्टन सेना यानें अशी गाडी घेऊन मोनॅकोची शर्यत जिंकली. १९९२ सालीं विल्यम्स कंपनीच्या तशाच गाडींत नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला. १९९३ संपतांच तीहि योजना बंद करण्यांत आली.

आणि २०२२ सालीं बांक दिलेला तळ परत आला. पुढच्या गाडीच्या पंखांनीं ढवळलेल्या हवेंत मागची गाडी जवळ येऊं शकत नाहीं. ओढ तळांतून मिळाली तर ती येऊं शकेल, असा नियम करणाऱ्यांचा हेतु होता, आणि तो चांगलाच होता. पण त्याच नियमांनीं तेलाच्या दाबावर चालणाऱ्या युक्त्या काढून टाकून साध्या स्प्रिंगा तेवढ्या ठेवल्या होत्या. चाकें अठरा इंची झाल्यामुळें टायरची बाजूहि आखूड झाली होती. म्हणजे रबराचें लवणेंहि कमी झालें. फेब्रुवारींत बार्सिलोना येथें गाड्या प्रथम एकत्र धांवल्या, तों काय! चाळीस वर्षांपूर्वींचा तो नाच पुन्हा सुरू. वायुबोगद्यांतील प्रतिकृतीवर तो आधीं दिसला नव्हता. कारण नियमाप्रमाणें ती प्रतिकृति गाडीच्या साठ टक्के आकाराची असते आणि वाऱ्याचा वेगहि मर्यादित असतो. ज्याला त्या नाचाची जुनी ओळख होती, अशांतला एक म्हणजे रेड बुलचा एड्रियन न्यूई. साउदॅम्टन विद्यापीठांतून तो १९८० सालीं पदवीधर झाला, आणि शेवटच्या वर्षाचा त्याचा प्रबंध याच ओढीवर होता. त्याच्या गाडीला हा नाच फारसा बाधला नाहीं. मर्सिडीजची गाडी मात्र अगदीं खालीं आणि अगदीं ताठ ठेवली तरच तिला वेग येई. बाकूचे रस्ते हे शहराचेच रस्ते, उंचसखल; दोन किलोमीटरांहून लांब सरळ भाग; तेथें दीड तास तीं दोन माणसें तळासकट आपटत राहिलीं.

यावर उपाय नव्हता असें नाहीं. गाडी थोडी वर उचलली असती तर आपटणें थांबलें असतें. प्रतिस्पर्धी तेंच म्हणत होते. पण वर उचलली कीं वेग जाणार, आणि वेग गेला कीं क्रमांक जाणार. मग पाठ दुखते म्हणून आपल्या गाडीचा वेग कमी करा, असें कोणता चालक आपल्या तोंडानें म्हणेल? तो दांत खाऊन बसणार, आणि पुढच्या रविवारीं पुन्हा बसणार. शेवटीं आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाला मध्यें पडावें लागलें. गाडी किती जोरानें वरखालीं आपटते हें यंत्रानें मोजावयाचें आणि ठराविक मर्यादेबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, असें त्यानें ठरविलें. ही मर्यादा ऑगस्टच्या २८ तारखेस झालेल्या बेल्जमच्या शर्यतीपासून अमलांत आली. आणि पुढच्या वर्षीं साऱ्याच गाड्यांच्या तळाच्या कडा पंधरा मिलिमीटर वर घेण्यांत आल्या. २०२६ च्या नियमांनीं तर तळ पुन्हा बराचसा सपाट करून टाकला.

एखादा वाचक म्हणेल कीं, हें सारें परदेशांतील धनवंतांचें खूळ. आपल्याला त्याचें काय? मीहि तसेंच म्हटलें असतें. परंतु वहिनींचें तें "माणसाच्या कमरेंत" हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. तें त्यांनीं ज्या सहजपणें उच्चारलें, तो सहजपणा पुस्तकांतून येत नाहीं.

आमच्या घराची एक ख्याति आहे. येथें पहिलें पान साडेनऊला मांडलें जातें, तें कधीं पावणेदहाला गेलें नाहीं. पाहुणे चार येवोत वा चौदा येवोत, घराची घडी मोडत नाहीं. आमचे दादा हें अभिमानानें सांगत. ते गेल्यावर दहा वर्षें मी सांगत आलों आहें. आमचें घर कसें सपाट चालतें, एक हेलकावा बसत नाहीं! आणि तो हेलकावा जातो कोठें, हा प्रश्न मला सत्तरी उलटेपर्यंत पडला नव्हता. मुलांच्या परीक्षा, माझे वर्ग, दादांचें आजारपण, बाळंतपणें, श्राद्धें, सणवार. ह्यांतील एकहि धक्का घराच्या तळाला लागला नाहीं, तो काय हवेंत विरला? वहिनी उठतांना कमरेवर हात ठेवतात, हें मी वीस वर्षें पाहात होतों. कधीं तरी 'शेक घ्या' म्हणालों असेन. हॅमिल्टनचा हात कमरेवर गेलेला मला एका क्षणांत दिसला, कारण त्याच्यावर कॅमेरा रोखलेला होता.

बेल्जमच्या शर्यतीनंतर तीनच दिवसांनीं गणेशचतुर्थी होती, आणि त्यामागून गौरी. गौरीजेवणाला आमच्याकडे चाळीस पान असतें. पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची भाजी, कटाची आमटी, सारें घरांतच, सोंवळ्यांत. आणि सोंवळ्यांत म्हणजे वहिनींच्या हातचें. दोन्ही सुनांना नोकऱ्या आहेत. त्या हाताखालीं असतात, पण चुलीपुढचें उभें राहणें वहिनींचें. मीं आदल्या आठवड्यांत त्यांना म्हटलें, "वहिनी, ह्या वर्षीं नैवेद्यापुरतेंच सोंवळ्यांत करा. पंगतीच्या स्वयंपाकाला आचारी सांगूं."

"भाऊजी, मला कांहीं होत नाहीं," त्या लगेच म्हणाल्या. "इतकीं वर्षें केलें तें आतांच काय? लोक काय म्हणतील?"

एरवीं मी येथें थांबलों असतों आणि 'त्यांचीच इच्छा नाहीं' असें म्हणून मोकळा झालों असतों. पण शर्यतीच्या त्या हकीकतींतून एक गोष्ट मी शिकलों होतों. जो धक्के सोसतो त्यालाच 'तुला सोसवतें का?' असें विचारून भागत नाहीं. सोसण्यांतच ज्याचा मान आहे, तो 'सोसवत नाहीं' असें कसें म्हणेल? हें बाहेरून कोणीं तरी ठरवावें लागतें, आणि ठरवितांना घराचा वेग थोडा कमी होईल हें मान्य करावें लागतें. घरांत दादांच्या जागीं मी होतों. नियम मोडावयाचा तर तो मींच मोडला पाहिजे होता. मीं आचारी सांगितला. पुरण वाटावयास पुतण्याला बसविलें. मीहि अर्धा तास यंत्राचा दांडा फिरविला आणि दोन दिवस खांदा धरून बसलों.

त्या दिवशीं पहिलें पान अकरा वाजतां बसलें. पोळ्या जाड झाल्या होत्या. आमटींत मीठ कमी होतें, हें वहिनींनीं नुसत्या वासावरून सांगितलें, आणि आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं 'पूर्वींसारखें राहिलें नाहीं' असें दोन वेळां ऐकविलें. पुतण्या माझ्या कानाशीं येऊन म्हणाला, "काका, तळ पंधरा मिलिमीटर वर गेला खरा."

वहिनी त्या दिवशीं कित्येक वर्षांनीं पहिल्याच पंगतींत जेवावयास बसल्या. पाटावर नव्हे, खुर्चीवर. जेवण झाल्यावर त्या उठल्या तेव्हां त्यांचा हात सवयीनें कमरेकडे गेलाच. वर्षानुवर्षांची झीज एका सणानें भरून येत नाहीं. पण ह्या खेपेस नातीनें पुढें होऊन त्यांना हात दिला. आणि वहिनींनीं 'असूं दे' असें न म्हणतां तो धरला.